भोरघाटातला थकलेला पगार : मालक कोण, हा १८५९ पासूनचा प्रश्न

कामगार कायद्यांचा इतिहास सांगताना आपल्याकडे सुरुवात गिरणगावापासून होते. नारायण मेघाजी लोखंडे, १८८१ चा फॅक्टरी कायदा, मग गिरण्यांचे संप. हा इतिहास खोटा नाही, पण तो वीस वर्षे उशिरा सुरू होतो. मालक-मजुरांच्या वादावर ब्रिटिश सरकारने केलेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक कायदा कुठल्याही गिरणीमुळे झाला नाही. तो आपल्या मावळाच्या तोंडाशी, खंडाळ्याच्या खाली राबणाऱ्या मजुरांनी सरकारला करायला लावला.

जी.आय.पी. रेल्वेच्या भोरघाटाचे काम २४ जानेवारी १८५६ ला सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाट खुला झाला. सुमारे पंधरा मैलांची चढण, १,८३१ फुटांची चढाई, २५ बोगदे. काम ऐन भरात असताना, १८६१ मध्ये, ४२ हजार मजूर या डोंगरात होते. बायका होत्या, पोरे होती. बलुत्यावर राबणाऱ्या माणसाला रोख मजुरी ही नवीच गोष्ट होती आणि त्या रोकड्यासाठी लोक पटकीच्या साथीतही डोंगर फोडत राहिले. हजारो मेले.

कामाची रचना नीट बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. वर लंडनची रेल्वे कंपनी. तिने ठेका दिला विल्यम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराला. त्याच्या खाली छोटे पोटठेकेदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि मुकादमाच्या खाली टोळी. पैसा वरून निघायचा आणि प्रत्येक पायरीवर झिजत यायचा. मजुराला कबूल केलेला दर एक आणि हातात पडणारा दुसरा, तोही महिनोन्‌महिने उशिरा. विचारायचे कुणाला? मुकादम पोटठेकेदाराकडे बोट दाखवणार, पोटठेकेदार ठेकेदाराकडे, आणि कंपनी म्हणणार की ही माणसे आमची नाहीतच.

जानेवारी १८५९ मध्ये हे सहन होईना. थकलेल्या आणि कापलेल्या मजुरीवरून मजुरांनी घाटातल्या गोऱ्या देखरेखवाल्यांवर हल्ला केला. सरकारदरबारी त्याची नोंद ‘दंगा’ अशी झाली. पण चौकशीत मजुरांची तक्रार बव्हंशी खरी निघाली. मार्चमध्ये फॅव्हिएलने ठेका सोडला. पुढे आलेला सॉलोमन ट्रेडवेल उतरल्यावर काही दिवसांतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिच्या नावाने काम पूर्ण झाले. हल्ली तिच्या जिद्दीच्या गोष्टी फिरतात. फिरू द्या, बाई खरोखर हिमतीची होती. पण ज्यांच्या मजुरीवरून कायदा बदलला त्यांच्यातले एकही नाव आपल्याला माहीत नाही. त्याच तालुक्यात, दोन हजार वर्षांपूर्वी, कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार केले आणि त्याचे नाव बापाच्या नावासकट दगडावर कोरले गेले. भिक्खूंच्या लेण्यात सुताराला नाव आहे, कंपनीच्या बोगद्यात पाथरवटाला नाही.

तर या ‘दंग्या’नंतर १८६० चा नववा कायदा आला, रेल्वे व सार्वजनिक बांधकामांवरच्या मजुरांचे आणि त्यांच्या मालकांचे वाद झटपट मिटवण्यासाठी. मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन थकबाकी मागता येऊ लागली. मजुरांनी मिळवलेले हे काही थोडके नव्हते. पण याच कायद्यात दुसरी बाजूही होती. मालकाने पैसे बुडवले तर ती वसुलीची बाब, मजुराने काम सोडले तर मात्र दंड किंवा तुरुंग! आदल्याच वर्षीच्या, १८५९ च्या तेराव्या कायद्यानेही उचल घेऊन काम न करणाऱ्या कामगाराला कैदेची तरतूद केली होती. हा १८५९ चा कायदा १९२६ पर्यंत आणि १८६० चा १९३२ पर्यंत जिवंत होता. पगार अमुक तारखेच्या आत द्यायलाच हवा, हे साधे बंधन मालकांवर यायला १९३६ चा वेतन प्रदान कायदा उजाडला.

बाबासाहेबांच्या कामगारविषयक भूमिकेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्याच अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आपण पाठ केले आहेत, पण त्या भाषणात रेल्वेतले तपशीलही होते. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला हमालसुद्धा करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो आणि घरात याचा स्पर्श चालत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकावर बोलताना त्यांनी सांगितले की नोकरीचा करार मोडणे हा दिवाणी विषय आहे, गुन्हा नव्हे. संपाला गुन्हा ठरवून माणसाला मनाविरुद्ध राबवणे म्हणजे गुलामगिरी. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप याच मुद्द्यावर झाला. पुढे मजूरमंत्री असताना त्यांच्या खात्याने १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीने ठेकेदारी पद्धतीवर कडक टीका केली.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने शेवटी ‘मुख्य मालका’ला पगारासाठी जबाबदार धरले. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने द्यायचा. इतकेच नाही, ठेकेदार पगार वाटताना मुख्य मालकाचा माणूस समोर हजर हवा. भोरघाटात ही एक अट असती तर १८५९ घडले नसते.

हा कायदा आता गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांची तरतूद आता ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथेच लागू होते. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार ठेवायला बंदी आहे, पण गाभ्याबाहेरच्या कामांची यादी वाचा : झाडलोट, कचरा उचलणे, हाऊसकीपिंग, लाँड्री, बागकाम, पहारा, हमाली. ही यादी कुणी बसून केली माहीत नाही, पण आपल्या वस्तीत ती कुणालाही तोंडपाठ म्हणता येईल. त्या कामासाठीच आस्थापना स्थापन झालेली असेल तर मात्र ही सूट नाही. मग लोणावळ्यातले हॉटेल स्वच्छ खोली विकत नाही तर काय विकते?

आणि १८६० चा तिरपेपणाही शिल्लक आहे. कमी वेतन देणाऱ्या मालकाला पहिल्या गुन्ह्याला फक्त दंड, ५० हजारांपर्यंत. बेकायदा संपात उतरलेल्या कामगाराला मात्र एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ही कैद १९४७ च्या कायद्यातही होती. पण संपाआधी नोटिशीची अट तेव्हा लोकोपयोगी सेवांपुरती होती, आता ती सगळ्या उद्योगांना आहे.

तरीही आपल्या हातात काही आहे, आणि एचआरवाले ते स्वतःहून सांगणार नाहीत. मागच्या पावसाळ्यात लोणावळ्यातल्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगच्या बायकांचे दोन महिन्यांचे पैसे घेऊन ठेकेदार गायब झाला. मी त्यांच्यासोबत गेलो, तेव्हा मॅनेजरने सांगितले, “ताई, तुम्ही आमच्या नाहीच. ठेकेदाराला शोधा.” १८५९ मध्ये कंपनीचे उत्तर हेच होते.

आज असे उत्तर मिळाले तर वेतन संहितेचे कलम ४३ दाखवायचे. पगार देणाऱ्याने तो दिला नाही, तर ज्याच्या आस्थापनेत काम केले तो मालक जबाबदार. याला पन्नासाची अट नाही, तीन बायका असल्या तरी चालते. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर आहे, कामगारावर नाही. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो, युनियनलाही तो करता येतो, आणि थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाई मागता येते. नेमणूकपत्र आणि पगारपत्रक देणे आता बंधनकारक आहे. ते देत नसतील तर गेटपास, हजेरीच्या वहीचा मोबाईलवर काढलेला फोटो, सुपरवायझरचे ड्युटीचे मेसेज, बँकेतली आधीच्या पगाराची नोंद, यातले जे असेल ते आजपासून जपून ठेवा.