बंदिवानाच्या भेटीस

बंगळूर शहरात शेषाद्रि रस्त्यालगत जुन्या मध्यवर्ती कारागृहाची जागा आहे. संसदीय समितीच्या कामासाठी शहरात आलेले मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांना २६ जून १९७५ रोजी पकडून याच तुरुंगात ठेवण्यात आले. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाबाई त्या काळात येरवड्यास बंदिवासात होत्या, आणि या दोन तुरुंगांमध्ये पतिपत्नींची पत्रे जात-येत असत. पुढे बंगळूरचे कैदी पारप्पन अग्रहार येथे हलविण्यात आले आणि २००८ साली जुन्या जागी ‘फ्रीडम पार्क’ हे उद्यान लोकांसाठी खुले झाले.

राजबंद्याची वाट पाहणारा समाज बाहेर असतो. सुटकेच्या दिवशी हार घेऊन माणसे दाराशी उभी असतात. परंतु चोरीच्या किंवा मारामारीच्या आरोपावरून आत आलेल्या सामान्य कैद्याला पत्र कोणी लिहावे? त्याच्या सुटकेच्या दिवशी दाराशी कोणी उभे राहावे? तुरुंगभेटीच्या ख्रिस्ती परंपरेचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात भुकेल्यास अन्न देणे आणि बंदिवानास भेटणे ही एकाच मोलाची कृत्ये मानली आहेत. जॉन हॉवर्ड हा इंग्रज गृहस्थ १७७३ साली बेडफर्ड परगण्याचा शेरीफ झाला, तेव्हा त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. न्यायालयाने निर्दोष ठरविलेली माणसेही तुरुंगातच राहत होती, कारण तुरुंगाधिकाऱ्याची फी देण्यास त्यांच्यापाशी पैसे नव्हते. क्वेकर पंथाच्या एलिझाबेथ फ्राय १८१३ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांना प्रथम भेटल्या. १८१७ मध्ये त्यांनी त्या कामासाठी मंडळ स्थापिले आणि कैदी स्त्रियांसाठी शिवणकाम व मुलांसाठी शाळा सुरू केली. भेटीस गेलेला माणूस केवळ दिलासा देऊन परतत नाही, तर आत काय चालले आहे हे बाहेर येऊन सांगतो, ही प्रथा येथून दृढ झाली.

इटलीतील तुरीन येथे जॉन बॉस्को या तरुण धर्मगुरूला १८४१ च्या सुमारास याहून निराळी गोष्ट दिसली. कोवळ्या वयाची मुले सुटत आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तुरुंगात येत. बाहेर त्यांना विचारणारे कोणी नसे. तेव्हा त्याने आपल्या कामाची जागाच बदलली आणि ही मुले तुरुंगात पोहोचण्यापूर्वीच त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा निश्चय केला. त्याच्या परंपरेतील धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी १९८० साली बंगळुरात रस्त्यावरील मुलांसाठी काम सुरू केले. त्या संस्थेचे नाव ‘बंगळूर ओणीयवर सेवा कूट’, म्हणजे गल्लीत राहणाऱ्यांचे सेवामंडळ. या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जुळविली की ‘बॉस्को’ हेच नाव होते.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, केरळातील कोट्टयमजवळच्या वडवातूर येथील धर्मविद्यालयात फ्रान्सिस कोडियन आणि वर्गीस करिप्पेरी या दोघा विद्यार्थ्यांनी तुरुंगभेटींस प्रारंभ केला. त्यातूनच ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ ही संघटना वाढली. १९९१ साली तिने त्रिचूर जिल्ह्यात सुटलेल्या कैद्यांसाठी आश्रयगृह उघडले. २००० साली भारतीय कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने तिला मान्यता दिली. तिचे मध्यवर्ती कार्यालय बंगळुरात आहे.

या कार्याविषयी एक रास्त शंका घेतली जाते. बंदिवान हा परस्वाधीन माणूस; दारी आलेल्या एकुलत्या एक मित्राला नकार देणे त्याला कसे जमावे? अशा माणसापुढे धर्म मांडताना फार संयम हवा, हे खरेच आहे. मात्र जो प्रार्थनेस बसत नाही त्याच्यासाठीही वकील शोधला जातो काय, त्याच्या मुलांची चौकशी होते काय, ही अशा सेवेची साधी कसोटी आहे.

वकिलाचा प्रश्न गौण नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अद्याप निकालात निघालेला नव्हता. शंभरांत पंचाहत्तरांहून अधिक असे हे प्रमाण पडते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आतच राहणारा गरीब माणूस पाहिला की हॉवर्डच्या बेडफर्डची आठवण होते.

कैद्यावर विश्वास टाकण्याचा प्रयोग महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिला आहे, आणि त्याचा एक धागा बंगळुराशी जुळतो. तेथील सरकारी विद्युत कारखान्याचे व्यवस्थापन पाहणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन पुढे औंध संस्थानात आले. त्यांच्या कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसली. गदिमांनी तिच्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. फ्रीडमन काही ख्रिस्ती धर्मसेवक नव्हते. परंतु शिक्षा भोगणाऱ्या माणसालाही विश्वासाने वागवावे, ही त्यांची आणि बॉस्कोची श्रद्धा एकच होती.

कैदेची मुदत न्यायालय ठरविते आणि ती संपताच दरवाजा उघडणे हे शासनाचे काम असते. त्यानंतर त्या माणसाला भाड्याने खोली कोण देईल, काम कोण देईल, याचा निर्णय मात्र कोणत्याही निकालपत्रात नसतो. तो शेजाऱ्यांना करावा लागतो.