सायबर गुन्ह्यातील आरोपीचा बचाव

संगणक, मोबाइल किंवा इंटरनेटच्या साहाय्याने गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला कायद्याने दिलेली संरक्षणे आणि तिच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयात पारखून घेण्याची पद्धती. भारतात हे खटले मुख्यतः माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० (अंमल १७ ऑक्टोबर २००० पासून) आणि भारतीय न्याय संहिता यांखाली चालतात. १ जुलै २०२४ पासून तपास व खटल्याची रीत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता ठरवते आणि पुराव्याचे नियम भारतीय साक्ष्य अधिनियम ठरवतो.

या खटल्यांत पुरावा बहुधा यंत्रातून येतो. सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे हे कागदोपत्री दिसते. पण फोन त्या वेळी कोणाच्या हातात होता आणि त्या माणसाचा हेतू काय होता, हे सरकारी पक्षालाच निःसंशय सिद्ध करावे लागते. बचावाचा मुख्य भर यावर असतो.

हेतूचा प्रश्न : परवानगीशिवाय संगणकात शिरणे, त्यातील माहिती उतरवून घेणे, विषाणू सोडणे ही कृत्ये माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये येतात आणि त्यांबद्दल नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तरच कलम ६६ खाली फौजदारी गुन्हा होतो. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणे (६६ सी) आणि तोतयेगिरी करून फसवणूक करणे (६६ डी) यांतही हेतू महत्त्वाचा असतो. ऑनलाइन फसवणुकीत अनेकदा आधी सापडतो तो खातेदार. कमिशनच्या आमिषाने किंवा ओळखीपोटी त्याने आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला दिलेले असते. खात्यात रक्कम जमा झाली एवढ्यावरून त्याला फसवणुकीची कल्पना होती असे ठरत नाही. मात्र रक्कम कोणी काढली, कमिशन कोणी घेतले आणि बँकेचे ओटीपी कोणाच्या फोनवर येत होते, याची उत्तरे त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध जाऊ शकतात.

अटक, जामीन व कलमांची निवड : माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७७ बी नुसार ३ वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे जामीनपात्र आहेत, ६६, ६६ सी व ६६ डी त्यांतच मोडतात. पोलीस मात्र त्यांच्या जोडीला न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८(४) लावतात. त्याची शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे आणि ते अजामीनपात्र आहे. त्यामुळे कोणते कलम लागते हा वाद थेट आरोपीच्या स्वातंत्र्याशी जोडलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गगन हर्ष शर्मा खटल्यात असे ठरवले, की कृत्य पूर्णपणे माहिती तंत्रज्ञान अधिनियमात बसत असेल तर त्याच वस्तुस्थितीवर जुन्या भारतीय दंड संहितेची (जिच्या जागी न्याय संहिता आली) विश्वासघात व फसवणुकीची कलमे जोडता येणार नाहीत. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटकेची कारणे लेखी नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात (२०१४) बजावले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही (कलम ७८), हाही बचावाचा एक मुद्दा असतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कसोटी : या विषयावरील महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातील एका निवडणूक याचिकेतून आला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारल्याचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रणाचा. त्या चित्रणाच्या प्रतीसाठी कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच न्यायालयात सादर केले तर ते लागत नाही. आणि पक्षकाराने शक्य ते सर्व करूनही ते मिळाले नाही, तर त्याला दोष देता येत नाही. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग असतात : एक पुरावा सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात हॅश मूल्य नमूद करावे लागते.

हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची अक्षरे-अंकांची ओळ. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ती ओळ पार बदलते. म्हणून वकील जप्तीच्या वेळचे मूल्य आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालातील मूल्य शेजारी ठेवून पाहतो. फोन पंचांसमक्ष सीलबंद झाला का, पंचनाम्यातील आयएमईआय क्रमांक (फोनचा ओळख क्रमांक) जुळतो का, जप्तीनंतर फोन कोणी चालू केला होता का, हेही उलटतपासणीत निघते. झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार आवश्यक आहे. मेमरी कार्डातील मजकूर हा ‘दस्तऐवज’ असून आरोपीला त्याची प्रत मिळण्याचा हक्क आहे, पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तेथे प्रतीऐवजी पाहणीची मुभा देता येते (पी. गोपालकृष्णन खटला, २०१९).

यंत्रापासून माणसापर्यंत : आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक) हा माणसाचा पत्ता नव्हे. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वापरू देतात. त्यामुळे नेमका ग्राहक शोधण्यासाठी पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ लागते. परदेशी सर्व्हरवरील नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यात ५ तास ३० मिनिटे मिळवायची राहिली, तर भलत्याच ग्राहकाचे नाव पुढे येऊ शकते. घरातील वायफाय, सायबर कॅफे, कार्यालयातील सामाईक संगणक यांबाबतही हीच अडचण असते.

समाजमाध्यमांवरील मजकूर : नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरामुळे अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ ए घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या कलमाखाली आज गुन्हा नोंदवता येत नाही. व्हॉट्सअॅप गटातील सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ गटप्रमुख असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला.

मर्यादा : बचावाचा हक्क म्हणजे पुरावा नष्ट करण्याची मोकळीक नव्हे. नोटीस आल्यावर फोनमधील चॅट पुसणे किंवा फोन मोडणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो आणि त्यामुळे निरपराध माणसावरही संशय बळावतो. बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. तेथे ‘मी ते कोणाला पाठवले नाही’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

विधी साहाय्य : स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही (संविधान, अनुच्छेद २० (३)) आणि अटकेनंतर आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे (अनुच्छेद २२). स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो. जप्तीचा पंचनामा, फोनची स्थिती, नोंदींची वेळ या गोष्टी पहिल्या काही दिवसांतच तपासता येतात. म्हणून आरोपीने किंवा त्याच्या घरच्यांनी वकिलाची मागणी अटकेच्या दिवशीच करावी.