खत-ए-मुस्तकीम

सरळ रेषा म्हणजे काय? वर्गात विचारा, उत्तर येते : दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर. हे म्हणणे आर्किमिडीजचे. युक्लिडची व्याख्या वेगळी : जी आपल्यावरच्या बिंदूंशी समपणे असते ती. 'समपणे' म्हणजे काय, यावर पंडितांनी शतकानुशतके डोके खाजवले. (पुढे सिद्धांतांत तो ही व्याख्या वापरतही नाही!) प्लेटोचे सोपे आहे : जिचा मध्य दोन्ही टोकांच्या आड येतो ती सरळ. सिद्धगडाच्या पायथ्याला कुंपणाचे खांब रोवणारा शेतकरी एक डोळा मिटून हेच पाहतो. पहिल्या खांबाआड बाकीचे लपले की ओळ सरळ.

युक्लिड संस्कृतात आला तो अरबीतून. नसीरुद्दीन तूसीने १३व्या शतकात केलेल्या 'तहरीर'वरून जगन्नाथ सम्राटाने १८व्या शतकात सवाई जयसिंगासाठी 'रेखागणित' रचले. मुंबई संस्कृत मालेत ते १९०१-०२ साली छापले गेले. हा दुवा भूमिती शिकवताना कुणी सांगत नाही, हे मला खटकते.

उर्दूत सरळ रेषा म्हणजे खत-ए-मुस्तकीम. 'मुस्तकीम' आपल्या मुलांना सूरह फातिहातून रोज भेटतो, त्यामुळे तो शिकवावा लागत नाही. 'खत' मात्र पत्रही असते, म्हणून पहिल्या तासाला हसू हमखास फुटते.