मीठ महाग, मासळी स्वस्त

आगोट जवळ आली, की कोकणातल्या घरात तांदूळ, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवतात. खाणाऱ्याची ही चार महिन्यांची सोय. पकडणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो वर्षाचा हिशेब असे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की लहान होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. मिळकत आठ-नऊ महिन्यांची, पोट बारा महिन्यांचे. त्यातही मासळी रोज सारखी येत नाही. बांगड्यांचा थवा रापणीत सापडला, की गावाला पुरून उरेल इतका माल एका सकाळी वाळूवर पडतो. बर्फ नसलेल्या काळात उरलेला माल माडांच्या बुंध्याशी खत म्हणून जाई. म्हणजे उत्पन्न ठरे ते किती मासे मिळाले यापेक्षा किती टिकवता आले यावर.

टिकवण्याची रीत प्रत्येक माशाची वेगळी. उत्तर कोकणातला बोंबील म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि चरबी नावापुरती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकले, की ऊन आणि वारा उरलेले काम करतात. मीठ लागत नाही. दक्षिणेकडचे बांगडा आणि तारली हे तेलकट मासे. नुसत्या उन्हात ते सुकण्याआधीच कुजतात, खवट होतात. त्यांना मीठच हवे. मीठ मांसातले पाणी ओढून घेते आणि जिवाणूंना वाढू देत नाही. (काकडीच्या कोशिंबिरीला पाणी का सुटते, हे विद्यार्थ्यांना विचारावे; उत्तर तेच आहे.) तीन-चार भाग माशांना साधारण एक भाग मीठ लागते.

आणि नेमक्या या मिठावर सरकारचा कर होता. 1882 मध्ये तो मणाला, म्हणजे सुमारे 37 किलोंना, दोन रुपये होता. 1888 मध्ये अडीच झाला. चार मण बांगडे खारवायचे, तर केवळ कराचेच दोन-अडीच रुपये आधी मोजायचे, तेही हातात पैसा नसताना. मग व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घ्यायची, आणि एकदा ती घेतली की माल त्यालाच, त्याच्याच भावाने. कर मिठावर होता, पण त्याचा भार मासळीवर पडत होता.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या सागरी मत्स्यव्यवसायावरील अहवाल 1873 सालचा. मिठाच्या कराने मासे खारवण्याचा धंदा खालावला, हे त्यांनी त्यात मांडले. पुढे मद्रास व मुंबई इलाख्यांत सरकारी खारवणी आवारे निघाली. तेथे मीठ बिनकरी किंवा सवलतीने मिळे. अट एवढीच, की मासे आवारातच खारवायचे, मीठ बाहेर न्यायचे नाही. उपाय चांगला होता, पण अपुरा. आवारे मोजक्या ठिकाणी, आणि थवा कुठल्या गावासमोर येईल ते कोण सांगणार? उन्हात बांगडा काही तासांत नासतो. तेवढ्यात तो डोक्यावरून आवारापर्यंत पोचवायचा. ही धावपळ बहुतेक बायकांच्या वाट्याची.

शिरोड्याचे उदाहरण बोलके आहे. या गावाला मिठागरेही आहेत आणि समुद्रही. तरीही आपोआप जमलेले मीठ उचलणे तेथे गुन्हा होता. मे 1930 मध्ये येथे मिठाचा सत्याग्रह झाला. आपली पाठ्यपुस्तके त्याची आठवण बहुधा दांडीच्या संदर्भात आणि जेवणातल्या मिठापुरती करून देतात. घरातल्या जेवणाला लागणारे मीठ चिमूटभर; रापणकराला ते पोत्याने लागे. मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात मीठ असलेल्या भागातील लोकांना घरगुती वापरासाठी व गावात विकण्यासाठी ते गोळा करण्याची मुभा मिळाली. कर मात्र राहिला. तो उठला 1947 च्या एप्रिलमध्ये.

त्यानंतर काही वर्षांतच बर्फाचे कारखाने आणि यांत्रिक होड्या आल्या. ताज्या माशाला दूरच्या शहरात गिऱ्हाईक मिळू लागले आणि खाऱ्या बांगड्याचे महत्त्व ओसरले. आता 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी कायद्याने बंद असते. त्या दिवसांत कोकणातल्या आठवडा बाजारात सुक्या मासळीचा भाव विचारून पाहावा, आणि तोच डिसेंबरात पुन्हा विचारावा.