गिऱ्हाईक आणि मिस्त्री

भारतातील मोटारगाडीचा इतिहास बहुधा कारखानदारांच्या नावांनी सांगितला जातो. ती गाडी वर्षानुवर्षे चालती ठेवणारा मिस्त्री आणि त्याच्याशी हुज्जत घालणारे गिऱ्हाईक यांची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. आमच्या मते टंचाईच्या त्या कालखंडाचे खरे दर्शन या हुज्जतीतच घडते.

१९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. परदेशी भाग केवळ जोडून गाड्या विकणाऱ्या कंपन्यांना थारा देऊ नये, असे धोरण सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले. फोर्ड व जनरल मोटर्स निघून गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र येथेच राहिल्या. पुढील तीन दशके अ‍ॅम्बॅसॅडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड यांवरच मुख्यतः भागवावे लागले. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच हाती असलेली गाडी पोटच्या पोरासारखी जपली जाई.

हट्टी गिऱ्हाईक जन्मास आले ते या धास्तीतून. चांगला भाग काढून जुना तर बसवला नाही ना, हा त्याचा पहिला संशय; आणि 'काल ठीक होती, तुमचा हात लागला आणि बिघडली' हा शेवटचा ठपका. मिस्त्रीची अडचणही खोटी नव्हती. सुटा भाग मिळेना, तेव्हा तो लेथवर घडवून घ्यावा लागे किंवा दुसऱ्या गाडीचा घासून बसवावा लागे. अशा कामाची हमी तो कोणत्या तोंडाने देणार? त्यात सारा व्यवहार तोंडी.

तरीही या अविश्वासातून काही सुंदर रीती रूढ झाल्या. झिजलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा. त्याला शेजारी बसवून गाडीची एक फेरी मारावी. हिशेबाआधी चहा मागवावा. वास्तविक १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० नुसार, कष्ट व कौशल्य वेचलेली वस्तू मोबदला मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क कारागिरास आहे. पण गाडी अडवली की गिऱ्हाईक तुटते, हे ओळखून शहाणा मिस्त्री उधारी सोसत असे. गिऱ्हाइकाच्या हाती ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आला तो १९८६ मध्ये.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि चित्र पालटू लागले. कंपन्यांच्या कार्यशाळा वाढल्या, छापील अंदाजपत्रके आली. २०१४ मध्ये अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादनही थांबले. संशय मात्र सरला नाही. पूर्वी तो माणसावर होता, आता तो कागदावर आहे.

बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांना परमुलखात डॉक्टर आणि वाणी यांच्या पाठोपाठ भरवशाचा मिस्त्री शोधावा लागे. घाटातल्या उतारावर ब्रेक लागतो, तो त्याच्याच प्रामाणिकपणामुळे. त्याच्या मजुरीत घासाघीस करताना एवढे तरी आपण स्मरावे.