बावीस आणि चव्वेचाळीस

परवा रात्री नागपूरहून जुन्या रूममेटचा फोन आला. पहिलंच वाक्य, "काय बे, कितीवर आहेस?" आमच्या वयाच्या माणसांना हा प्रश्न साखरेबद्दल नाहीतर रक्तदाबाबद्दल विचारतात. आम्हा दोघांत तो एका गेमबद्दल असतो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "एकदा लिहून काढ बाबा ते सगळं." तर मंडळी, हे ते सगळं. (काकू, गेममधलं काही कळलं नाही तरी वाचा. मध्ये खिचडी आहे.)

'लेव्हल' ही भानगड कॉम्प्युटरवर जन्मलेली नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. राक्षस मारायचे, खजिना आणायचा, पुरेसे गुण साठले की तुमचं पात्र एक पायरी वर. यातली मेख अशी की सगळे भिडू ठरलेल्या संध्याकाळी जमायचे आणि एकदमच उठायचे. त्यामुळे पायऱ्याही साधारण बरोबरच चढायचे. घरी एकट्याने बसून रात्रीत दहा पायऱ्या पुढे जायची सोयच नव्हती.

मग हे प्रकरण कॉम्प्युटरवर गेलं. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांचा 'मड', १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या पोरांचा 'डिकूमड'. दोन्हीत चित्रं नाहीत, नुसता मजकूर. आणि १६ मार्च १९९९ ला चित्रांसकट 'एव्हरक्वेस्ट'. (हा डिकूमडशी इतका सारखा वाटला की 'आम्ही त्यांचा कोड वापरलेला नाही' असं एव्हरक्वेस्टवाल्यांना २००० साली प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागलं!) आता दुनिया चोवीस तास चालू. टेबलावरून कुणी उठतच नाही. नियम मात्र टेबलावरचाच. लेव्हल म्हणजे हुशारी नाही की शौर्य नाही, तुमच्याकडे मोकळा वेळ किती आहे याचं ते माप झालं.

आमच्या घरात तो मोकळा वेळ कुठून आला ते सांगतो.

२००० साली आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला एका फ्लॅटमध्ये राहायचो. दोघंही एच-वनवाले, वेगवेगळ्या कन्सल्टिंग कंपन्यांचे. महिन्याला ९ डॉलर ८९ सेंट भरून एव्हरक्वेस्ट घेतला. माझा बुटका धर्मगुरू, म्हणजे जखमा बऱ्या करणारा. त्याचा ट्रोल शामान, हिरवा आणि अवाढव्य. ऑफिसातून आल्यावर कुकर लावायचा, खिचडी ताटात घेऊन दोन मशीनसमोर दोघं बसायचे. धर्मगुरू एकटा फारसं काही मारू शकत नाही, त्याला ग्रुप लागतोच. एका ग्रुपात सहा जण. मेलात तर मिळवलेले गुण कापले जायचे, कधी कधी लेव्हलच खाली यायची, आणि सगळं सामान मेलेल्या जागी पडलेलं. ते आणायला उघड्याबोडक्याने परत जायचं. त्यामुळे कुणाबरोबर जाता याला फार महत्त्व.

मार्च २००१ मध्ये त्याचं प्रोजेक्ट संपलं आणि तो बेंचवर आला. डॉट-कॉमचा फुगा फुटला होता, नवीन प्रोजेक्ट कुठेच नाही. कंपनीने दोन महिन्यांनी पगार थांबवला. सकाळी तासभर तो रेझ्युमे पाठवायचा. उरलेला दिवस ट्रोल.

गुणांच्या वाटणीचं गणित त्या काळी असं होतं की ज्याच्या खात्यात आधीच जास्त, त्याला वाटाही जास्त. लागणारे एकूण गुण साधारण लेव्हलच्या घनाने वाढायचे. म्हणजे मी २० वर आणि तो ३० वर असताना हिशेब ८ विरुद्ध २७. त्यात ट्रोलला प्रत्येक लेव्हलसाठी २० टक्के जास्त गुण लागत, म्हणून त्याचा वाटा आणखी मोठा. शिकार दोघांची, आणि माझ्या पदरात शंभरातले वीस. याच्याही वर एक नियम होता. मोठ्याची लेव्हल लहानाच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल तर लहानाला काहीच नाही. बावीसवाल्याची हद्द तेहतीसला संपायची.

बनवणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ही कुंपणं नसती तर पहिलवानाच्या पाठीमागे उभं राहून कुणीही आठवड्यात वर गेलं असतं. पण नियमाला शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय ते दिसत नाही.

तो ४४ वर पोचला तेव्हा मी २२ वर होतो. ३०, ३५, ४० या लेव्हलींना खेळणारे 'नरक' म्हणायचे, तिथे अचानक कितीतरी जास्त गुण लागायचे. हा सगळे नरक पार करून आला होता. मित्राची लेव्हल वाढतेय म्हणजे त्याला आजही फोन आलेला नाही, हे मला कळत होतं. मी "सही!" म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

त्या काळात विजोड मित्रांसाठी एकच उपाय होता. मोठ्याने दुसरं, नवं पात्र काढायचं आणि ते फक्त लहानाबरोबरच खेळायचं. त्याने माझ्यासाठी एक बुटका योद्धा काढला, दिवसा खपून २२ पर्यंत आणला आणि तिथे थांबवला. "संध्याकाळी तू आला की याला काढू," म्हणाला. पण माझ्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणाचं तरी टेबल रिकामं होत होतं. त्या भीतीने मी आठ-आठ वाजेपर्यंत बसायला लागलो. घरी आलो की खाऊन झोपायचो. "आज बसायचं का?" असं तो दारातून विचारायचा, मग काही दिवसांनी विचारेनासा झाला. ऑगस्टच्या शेवटी तो भारतात परत गेला. मशीन माझ्याकडेच ठेवलं. काही महिन्यांनी मी त्यावर त्याचं खातं उघडून पाहिलं (पासवर्ड चिकटपट्टीवर लिहिलेला होता). योद्धा बावीसवरच उभा होता.

२८ एप्रिल २००४ ला 'सिटी ऑफ हीरोज' आला, सुपरहीरोंचा. त्यात 'साइडकिक' नावाची सोय होती. मोठ्याने लहानाला हाताशी धरलं की लहान तेवढ्यापुरता त्याच्या एकच लेव्हल खाली येऊन लढणार. अट एवढीच की जवळ राहायचं. लांब गेलात की होतात तितके. नंतर मोठ्याला खाली यायचीही सोय झाली. मी नागपूरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तीन वर्षं उशीर झाला बे." मग दुसरं काहीतरी बोललो.

बाकीच्यांना आणखी वेळ लागला. 'फायनल फँटसी ११' मध्ये लेव्हल सिंक २००८ मध्ये आलं, सगळा ग्रुप एकाच्या लेव्हलवर उतरवायचा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ चा, त्यात पार्टी सिंक यायला २०१९ उजाडलं. इतकं साधं काम, पंधरा वर्षं! सिटी ऑफ हीरोज तर ३० नोव्हेंबर २०१२ ला बंदही पडला. (हौशी लोकांनी तो पुन्हा चालू केला, आणि २०२४ मध्ये त्यांना रीतसर परवानाही मिळाला.)

असो. जुना एव्हरक्वेस्ट शक्य तितका जसाच्या तसा ठेवणारा 'प्रोजेक्ट १९९९' नावाचा सर्व्हर हौशी मंडळी २००९ पासून चालवतात. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी तिथे नवी पात्रं काढली. पुन्हा बुटके, दोघंही. दर रविवारी बसायचं ठरलं. आता त्याला वेळ नाही. दुकान आहे, मुलीची बारावी आहे, वडील अंथरुणावर आहेत. मी घरून काम करतो, पोरं बाहेर गेली, संध्याकाळ मोकळीच असते.

तो अजून एकवर आहे. अगदी खालच्या लेव्हलींना दीडपटीऐवजी पाचाची सूट मिळते, म्हणजे एकवाल्याची हद्द सहा. सातवर गेलो की त्याला काही मिळणार नाही.

"सहा," मी फोनवर सांगितलं.

"गेल्या महिन्यात पण सहाच होता ना बे?"

"हो."

"बरं," म्हणाला. "या रविवारी बघतो."