कॅप्टन नेमो कोणत्या मुलखाचा?

कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्ही पुष्कळ वर्षे एक प्रश्न विचारीत आलो आहोत. ज्यूल व्हर्नची पाणबुडीची गोष्ट ज्यांनी वाचली आहे त्यांनी सांगावे, कॅप्टन नेमो डोळ्यांपुढे कसा उभा राहतो? उत्तर बहुधा ठरलेले असते: उंच, दाढीवाला, गोरा साहेब. एकदा एक जुना फिटर म्हणाला, "एवढं यंत्र ज्याला कळतं तो साहेबच असणार की हो!" त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. चौदाव्या वर्षी रात्रशाळेच्या कपाटातले ते पुस्तक वाचताना आम्हीही नेमोला गोराच करून टाकला होता, आणि पुढे पंचवीस वर्षे तो तसाच राहिला.

वस्तुतः नेमो हा हिंदी मनुष्य. १८७४-७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'रहस्यमय बेट' या कादंबरीच्या शेवटी व्हर्नने त्याची जन्मकथा सांगितली आहे. त्याचे खरे नाव राजपुत्र डक्कर. बुंदेलखंडच्या राजाचा तो मुलगा. दहाव्या वर्षी शिक्षणासाठी युरोपात गेला, विज्ञान व कला शिकला आणि १८४९ साली मायदेशी परतला. १८५७ च्या उठावात तो आघाडीवर लढला, वीस लढायांत दहा जखमा खाल्ल्या. बायकामुले मारली गेली, डोक्यावर इनाम लागले, आणि मग उरलेली संपत्ती व थोडे इमानी सोबती घेऊन तो समुद्राखाली गेला. त्याला टिपू सुलतानाच्या नात्यात बसवताना व्हर्नने हात जरा सैल सोडला आहे. श्रीरंगपट्टण कोठे आणि बुंदेलखंड कोठे! पण मुलूख त्याने बरोबर निवडला. नेवाळकरांची झाशी त्याच बुंदेलखंडात, आणि बांद्याचा नबाबही त्या उठावात सामील होता.

मग हे आमच्या ध्यानात का येऊ नये? पहिली कादंबरी १८६९-७० साली क्रमशः आली, तीत हे उघड सांगितलेले नाही हे खरे. नेमो म्हणजे लॅटिन भाषेत 'कोणीही नाही'. त्याची कातडी फिकट म्हटली आहे, हेही कबूल केले पाहिजे. पण त्याला पहिल्यांदा पाहिल्यावर गोष्ट सांगणारा प्रोफेसर आरोनाक्स काय म्हणतो? ही माणसे दक्षिणेकडची दिसतात. स्पॅनिश, तुर्क, अरब की हिंदी, हे चेहऱ्यावरून ठरवता येत नाही. चार नावे घेतली, त्यांत हिंदी हे एक आहे! पुढे सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क धावून येतो, तेव्हा नेमो खंजीर घेऊन त्या माशाला भिडतो, त्या माणसाला मोत्यांची पिशवी देतो आणि नंतर प्रोफेसरला सांगतो, की हा मनुष्य पिडलेल्यांच्या देशातला आहे आणि शेवटच्या श्वासापर्यंत आपणही त्याच देशाचे आहोत. आम्ही हे वाचले आणि साहेबाच्या दयाळूपणाचे कौतुक केले.

येथे व्हर्नची अडचणही सांगितली पाहिजे. त्याच्या मनातला मूळ नेमो पोलिश सरदार होता, रशियाच्या झारशाहीने घर उद्ध्वस्त केलेला. प्रकाशक हेत्झेल याला रशियातला पुस्तकांचा बाजार गमवायचा नव्हता. त्याने हरकत घेतली. म्हणून पहिल्या पुस्तकात नेमोच्या मुलखाची जागा कोरी राहिली. हिंदी नेमो पुढे त्या कोऱ्या जागेत आला. तेव्हा सारा दोष वाचकाच्या माथी मारता येत नाही. पण कोरी जागा सर्वांनी एकाच रंगाने भरावी, आणि तीही आम्हा हिंदी वाचकांनी, याचा उलगडा प्रकाशकाच्या तिजोरीतून होत नाही.

जिथे लेखकाने स्पष्ट लिहिले तिथे काय झाले, हे तर अधिक पाहण्यासारखे आहे. १८७५ साली किंग्स्टन यांच्या नावाने लंडनमध्ये 'रहस्यमय बेटा'चे भाषांतर निघाले. मूळ फ्रेंचमध्ये डक्करचा लढा इंग्रजी अंमलाच्या जुलमाविरुद्ध होता. भाषांतरात तो परिच्छेद उलटा फिरवला गेला: इंग्रजांनी अंदाधुंदीतून सोडवून हिंदुस्थानात शांतता व भरभराट आणली होती, आणि लोकांना महत्त्वाकांक्षी राजांनी भडकवले! इंग्रजीतून व्हर्न वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या हाती हेच भाषांतर होते. पडद्यावरही तेच. १९१६ च्या मूकपटातला नेमो हिंदी राजपुत्र होता, पण तोंडाला रंग लावलेला गोरा नट. १९५४ च्या डिस्नेच्या चित्रपटात जेम्स मेसन आला. तेथे रंगही नाही आणि बुंदेलखंडही नाही. हिंदी नेमो हिंदी नटाने केलेला पाहायला, नसीरुद्दीन शाह यांच्या रूपाने, २००३ साल उजाडावे लागले.

हे सगळे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा तो फिटर गप्प बसून ऐकत होता. मग त्याने विचारले, "राजा हिंदी, हे कळलं. पण बोट बांधली कुणी?" प्रश्न चांगला होता आणि पुस्तकात त्याचे उत्तरही आहे. कणा फ्रान्समधल्या क्रूझोहून, पत्रे लिव्हरपूलहून, पंखा ग्लासगोहून, इंजिन क्रुपकडून. निरनिराळ्या नावांनी मागवलेले हे सुटे भाग एका निर्जन बेटावर नेमोने स्वतः शिकवलेल्या कामगारांनी जोडले. ते आपसांत कोणालाच न कळणारी भाषा बोलत. प्रचंड अष्टपाद जहाजाला भिडतात तेव्हा त्यांच्यातल्या एकाला तो प्राणी उचलून नेतो. मरताना तो मदतीसाठी हाक मारतो ती मात्र फ्रेंचमध्ये, आणि प्रोफेसरला तेव्हाच कळते की आपला एक देशबंधू या बोटीवर काम करीत होता. बाकीचे कोणत्या मुलखाचे, हे व्हर्नने लिहिलेले नाही. फिटर म्हणाला, "मग त्यांच्यातला एक आमच्याकडचा धरतो," आणि पुस्तक घरी घेऊन गेला.